बदलापूरच्या दोन लेकी आणि आपली वाडी

(आश्रमशाळा उघडण्याआधी वाडीवरच्या बैठकीत संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांच्या वतीने केलेलं भाषण. बोललं तसंच उतरवलं आहे, फक्त थोडं नीट केलं आहे.)

आयांनो, मावश्यांनो, बाबा-काकांनो, आणि मागे आंब्याखाली बसलेल्या पोरांनो, जरा पुढे सरका. आज प्लॉटच्या दाव्यांचा विषय आपण शेवटी घेणार आहोत. काही जण म्हणतील, आम्ही कागद घेऊन आलो आणि ही पोरं भलतंच काय काढतात. पण आठ-दहा दिवसांत आश्रमशाळा उघडतील. पेट्या भरून पोरं जातील, मग दिवाळीपर्यंत त्यांचं तोंड दिसायचं नाही. म्हणून हा विषय आजच काढायचा असं आम्ही ठरवलं. हे भाषण आम्ही चौघांनी मिळून तयार केलं आहे, त्यामुळे त्यात काही चुकलं तर चौघांचंच चुकलं.

विषय बदलापूरचा आहे. बदलापूर आपल्याला परकं नाही. आपल्या बाया मे महिन्यात जांभळं-करवंदं आणि पावसात शेवळी, कंटोळी घेऊन स्टेशनाबाहेर बसतात. आपली माणसं तिथल्या बिल्डिंगींवर मजुरीला जातात. दिवाळीनंतर निम्मी वाडी त्या बाजूच्या वीटभट्ट्यांवर असते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथे जे झालं ते सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं आहे. पण बघितलं ते रेल्वेचे रूळ आणि दगडफेक. त्याच्या आधीचे चार दिवस कुणी नीट सांगितले नाहीत, आणि आपल्या कामाचे तेच चार दिवस आहेत.

तर ऐका. बदलापूर पूर्वेची एक मोठी शाळा. तिथे बालवर्गातल्या दोन मुली, चार वर्षांच्या आसपासच्या. १२ आणि १३ ऑगस्टला शाळेच्या शौचालयात त्यांच्यावर अत्याचार झाला. आरोप होता साफसफाईला ठेवलेल्या माणसावर. तो कंत्राटदारामार्फत १ ऑगस्टलाच कामाला लागला होता, म्हणजे त्याला येऊन दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते. एका मुलीने घरी सांगितलं. तिच्या घरच्यांनी दुसरीच्या घरी विचारलं, तर तीही शाळेत जायला घाबरत होती. डॉक्टरांकडे नेल्यावर खरं काय ते कळलं.

आता घरच्यांनी काय करावं? ते १६ ऑगस्टला पोलीस ठाण्यात गेले. गुन्हा नोंदवायला त्यांना बारा तासांच्या आसपास ताटकळत ठेवलं. आपण म्हणतो, आदिवासी म्हणून आपल्याला बाकड्यावर बसवून ठेवतात. पण ही तर शहरातली शिकलेली माणसं होती, त्यांचाही दिवस गेला. एका पक्षाच्या स्थानिक महिला कार्यकर्त्या त्यांच्या मागे उभ्या राहिल्या तेव्हा कुठे कागद हलला. १७ तारखेला आरोपीला अटक झाली.

१९ ऑगस्टला राखी पौर्णिमा होती. दुसऱ्या दिवशी मंगळवारी सकाळी पालक शाळेच्या दारात जमले. मग गर्दी वाढली आणि स्टेशनात घुसली. दहा तासांच्या आसपास मध्य रेल्वेची त्या बाजूची गाडी हलली नाही. दगडफेक झाली, लाठीमार झाला. त्याच दिवशी सरकारने तीन पोलिसांना निलंबित केलं, आरती सिंह या वरिष्ठ महिला अधिकाऱ्यांच्या हाताखाली एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक नेमलं. मुख्याध्यापिकेलाही शाळेने निलंबित केलं. २२ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून प्रकरण हातात घेतलं. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने पोलिसांना खडसावून विचारलं, की लोक रस्त्यावर आल्याशिवाय तुम्ही हलणारच नाही का. दुसऱ्या मुलीचा जबाब वेळेवर का घेतला नाही, हेही विचारलं. शाळेला आधी कळलं होतं तर तिने पोलिसांना का कळवलं नाही, हाही प्रश्न होता. आणि शाळेतल्या कॅमेऱ्यांचं पंधरा दिवसांचं चित्रण गायब आहे, असं तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितलं. कॅमेरा लावला की पोर सुरक्षित, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आम्ही त्या दिवशी बदलापुरात नव्हतो. आपल्या तीन बाया होत्या, कंटोळीच्या पाट्या घेऊन स्टेशनाच्या पुलाखाली अडकलेल्या. त्या रात्री अंधारात चालत घरी आल्या. त्यांच्यातल्या मावशीने आम्हाला एक प्रश्न विचारला तो अजून डोक्यात आहे. ती म्हणाली, "एवढी हजार माणसं तिथे होती, तर पोरीच्या आईबापाला ठाण्यात बसवलं होतं तेव्हा त्यातली दहा माणसं कुठे होती?"

शहरातल्या शिबिरात आम्ही गेलो तेव्हा एक शब्द ऐकला, नागरी समाज. म्हणजे सरकार नाही, पोलीस नाही, शेठ-कंपनी नाही, तर लोकांनी लोकांसाठी उभं केलेलं जे काही असेल ते. संस्था, संघटना, महिला मंडळ, पालकांचा गट, वकील, पत्रकार. आमच्यातला एकजण लगेच बोलला, नागरी म्हणजे नगरातला, मग आपण कोण, रानटी समाज? सगळे हसले. पण विचार केला तर आपल्याकडे हे शहरापेक्षा जुनं आहे. गावकी आहे. वाडीचा नाईक, कारभारी आहे. आता वनहक्क समिती आहे, बचत गट आहे, संघटना आहे. मावशीने विचारलेली दहा माणसं म्हणजेच नागरी समाज. तर आपली दहा माणसं अशा वेळी काय करतात, ते आज तोंडावर बोलू.

कारण आमच्या मनात खरी गोष्ट वेगळीच आहे. नाव, गाव, वर्ष काही सांगणार नाही. वीटभट्टीवर आपल्याच लोकांची झोपडी. आईबाप पहाटे तीनला चिखल मळायला, विटा पाडायला जायचे. नऊ-दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला घेऊन झोपडीत असायची. भट्टीवरच्या एका माणसाने तिच्याशी वाईट केलं. मुलीने आजीला सांगितलं. आजीने बापाला सांगितलं. बापाने उचल घेतलेली होती, हंगाम संपायला दोन महिने होते, त्याने मुकादमाला सांगितलं. मुकादमाने शेठला सांगितलं. मग पंच बसले. शेठच्या बाजूने दोघे, आपल्या बाजूने दोघे. दंड ठरला. त्यातले थोडे बापाला मिळाले, थोडे उचलीत वळते झाले, आणि उरलेल्यांचं काय झालं ते बसलेल्यांना माहीत. मुलगी तिथेच राहिली. तो माणूसही तिथेच राहिला. पुढल्या वर्षी मुलीचं लग्न लावून दिलं.

यात पोलिसांनी कुणाला बारा तास ताटकळत ठेवलं नाही. पोलिसांकडे कुणी गेलंच नाही. मिटवणारे कोण होते? आपलेच होते. आम्ही तेव्हा लहान होतो, पण आम्हाला कळत होतं, आणि आम्हीही गप्प राहिलो. आज कुणाला दोष द्यायला ही गोष्ट काढलेली नाही. त्या बापाची उचल कुणी फेडली असती, हे आम्हाला अजूनही सांगता येत नाही. पण पंचांनी हे मिटवायला नको होतं, एवढं मात्र आज स्पष्ट बोलतो. म्हाताऱ्या माणसांना राग आला तरी चालेल.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. या कायद्याचं नाव पोक्सो. २०१२ साली झाला, त्याच वर्षी १४ नोव्हेंबरपासून लागू आहे. अठरा वर्षांखालचं पोर, मुलगी असो की मुलगा, दोघांनाही लागू. मुलगा म्हटल्यावर मागे कुजबुज झाली, पण वसतिगृहात राहिलेल्यांना विचारा.

या कायद्याचं कलम १९ म्हणतं, की असा गुन्हा झाला हे ज्याला कुणाला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. आईबापानेच कळवलं पाहिजे असं नाही. शिक्षक, आशाताई, अंगणवाडीताई, शेजारीण, पंच, आम्ही, कुणीही. आणि कलम २१ म्हणतं, की माहीत असून कळवलं नाही तर तोच गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेचा प्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत. पोराने सांगितलं नाही म्हणून पोराला मात्र शिक्षा नाही. बदलापूरच्या शाळेच्या चालकांवर हेच कलम लागलं. उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारल्यावर ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष आणि सचिव यांना अटक झाली. म्हणजे बघा, पंचांनी बसून मिटवलं तर कायद्याच्या भाषेत तो न्याय होत नाही, तो गुन्हा लपवणं होतं. हे आपल्या नाईकांनी आणि कारभाऱ्यांनी नीट ऐकावं.

पुढे कलम २४. पोराचा जबाब पोराच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा. शक्यतो महिला अधिकाऱ्याने, फौजदाराच्या खालच्या दर्जाची नको, आणि अंगावर वर्दी नको. रात्री पोराला ठाण्यात ठेवायचं नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने करायची, जवळ आई किंवा तिच्या भरवशाचं माणूस हवं. चोवीस तासांत पोलिसांनी बालकल्याण समितीला कळवायचं. पोराचं नाव, शाळा, फोटो कुठे येता कामा नये. म्हणून सांगतो पोरांनो, असं काही कळलं तर ते मोबाईलवर पुढे ढकलू नका. बदलापूरच्या वेळी आपल्याच ग्रुपवर कसले कसले फोटो फिरत होते. त्या मुलींना उद्या मोठं व्हायचं आहे, शाळेत जायचं आहे.

एक गोष्ट खास आपल्यासाठी आहे. कातकऱ्यांच्या पोराला साहेबाची मराठी कळत नाही, आणि साहेबाला पोराची बोली कळत नाही. जबाबात मग साहेब आपल्या मनाचं लिहितो. कायद्यात दुभाषा मागता येतो. तो मागायचा. आपल्यातलं बारावी झालेलं पोर किंवा पोरगी जाऊन बसली तर पोरालाही धीर येतो. आणि गुन्हा करणारा आदिवासी किंवा दलित नसेल तर पोक्सोबरोबर अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लागतं, तपास डीवायएसपी नाहीतर एसीपी दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, सरकारकडून मदत मिळते. ते कलम आपोआप लागत नाही बरं का. जातीचा दाखला सोबत न्या. दाखला नसेल तर त्यासाठी गुन्हा नोंदवायचा थांबू देऊ नका, दाखला मागाहून देता येतो. आमच्या हद्दीत येत नाही, असं ठाण्याने सांगितलं तर म्हणायचं, शून्य क्रमांकाने नोंदवा आणि तुम्हीच पाठवा. भट्टी एका तालुक्यात, वाडी दुसऱ्या तालुक्यात, शाळा तिसऱ्या तालुक्यात, असं आपलं असतं, त्यामुळे हे तोंडपाठच करा.

फोन नंबर एकच लक्षात ठेवा, १०९८. दहा, नऊ, आठ. पैसे पडत नाहीत. हा नंबर आधी सरकारने काढलेला नाही. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून १९९६ साली तो सुरू झाला, रस्त्यावरच्या पोरांसाठी. पोरांनी फोन करायचा आणि संस्थेची माणसं धावून जायची. तो हळूहळू देशभर झाला. आता सरकारने तो आपल्याकडे घेतला आहे, ११२ ला जोडला आहे. आमचं मत विचाराल तर, संस्थेची माणसं धावून यायची ते बरं होतं. पण सरकारचा झाला म्हणून नंबर टाकून द्यायचा नाही, फोन करून सतावायचं.

आता बदलापूरच्या गोष्टीचा दुसरा भाग. तो सांगायला अवघड आहे, कारण त्या दिवशी सगळे एकाच गोष्टीसाठी ओरडत होते. फाशी द्या, आमच्या ताब्यात द्या. आरोपीच्या घराची तोडफोड झाली. २३ सप्टेंबरला संध्याकाळी पोलीस त्याला तळोजा तुरुंगातून नेत असताना मुंब्र्याजवळ गाडीत गोळी लागून तो मेला. पोलीस म्हणाले, त्याने आमचं पिस्तूल हिसकावलं. लोकांनी पेढे वाटले. त्याला पुरायला जागा मिळेना. बदलापूरला नको, इकडे नको, तिकडे नको. शेवटी २९ तारखेला पोलीस बंदोबस्तात उल्हासनगरच्या स्मशानात पुरलं, तिथेही लोकांनी विरोध केला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल उच्च न्यायालयात आला, त्यात पाच पोलिसांना या मृत्यूला जबाबदार धरलं. आणि ७ एप्रिलला उच्च न्यायालयाने पोलिसांवर गुन्हा नोंदवून विशेष पथकाने तपास करावा असा आदेश दिला.

आपल्यातल्याही काहींनी तेव्हा म्हटलं, बरं झालं, मेला. आम्हालाही पहिल्या रात्री तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सकाळी डोकं थंड झाल्यावर आम्ही बसलो. आपल्या संघटनेने हा मार्ग कधीच का धरला नाही? जंगलखात्याने आपल्या माणसांवर किती केसेस घातल्या, लाकूड चोरलं म्हणून, अतिक्रमण केलं म्हणून. कागदावर लिहिलं ते खरं मानलं असतं तर आपली निम्मी वाडी चोर ठरली असती. आपण कोर्टात उभे राहिलो, साक्षी फिरवल्या नाहीत, पुरावे मागितले, म्हणून सुटलो. गोळी घातली की पुरावे बघायचं काम संपतं. त्या दोन मुलींच्या खटल्यात कोर्टाने मुख्य आरोपीबद्दल निकालच दिला नाही, देऊ शकलं नाही. त्याने आणखी कुणाला त्रास दिला होता का, त्याला कामावर ठेवताना कुणी चौकशी केली नाही, शाळेत कुणाला आधी माहीत होतं, यातलं बरंच त्याच्याबरोबर पुरलं गेलं. आणि त्या दिवशी रुळांवर बसलेल्यांपैकी सत्तरहून जास्त लोकांना अटक झाली, शेकडो लोकांवर गुन्हे. त्यात मजूर किती, फेरीवाले किती, ते तारखा खात बसलेत. तरी रुळावर बसलेल्यांना आम्ही चुकीचं म्हणत नाही. ते बसले नसते तर काय झालं असतं हे न्यायालयानेच विचारलं. पण बसलेल्यांपैकी थोडे जरी पुढच्या महिन्यात शाळांच्या दारात, पालकसभेत जाऊन बसले असते, तर जास्त भलं झालं असतं, असं आमचं म्हणणं आहे.

शाळांसाठी सरकारने नियम आधीच केले होते. २०२२ साली सखी सावित्री समितीचा निर्णय झाला, प्रत्येक शाळेत समिती हवी. तक्रारपेटी हवी. बदलापूरनंतर सगळीकडे शोधाशोध झाली तेव्हा कित्येक शाळांत समिती कागदावरच होती. उच्च न्यायालयाने मग दोन माजी महिला न्यायमूर्ती, साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी, यांच्यासह समिती नेमली, शाळांत काय असावं ते सुचवायला. एका सुनावणीत न्यायालय असंही म्हणालं, की मुलग्यांना आधी शिकवा, म्हणजे मुली वाचतील. हे आम्हाला पटलं. आपल्या पोरांना आपण भात लावायला, गळ टाकायला शिकवतो. पोरीच्या अंगाला तिला न विचारता हात लावायचा नाही, हे कोण शिकवतं?

गावासाठीही समिती असते, गाव बालसंरक्षण समिती. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडीताई सचिव. आम्ही ग्रामपंचायतीत विचारलं तर ग्रामसेवक म्हणाले, आहे, फाईलमध्ये आहे. फाईल मागितली तर ग्रामसेवक म्हणाले, पुढच्या आठवड्यात या. त्याला आता चार आठवडे झाले.

आश्रमशाळांबद्दल जास्त बोलायला हवं, कारण आपली पोरं तिथे आहेत. बुलढाणा जिल्ह्यात खामगाव तालुक्यात पाळा गावच्या आश्रमशाळेत २०१६ साली दिवाळीला पोरी घरी आल्या तेव्हा पोट दुखतं म्हणाल्या, आणि तिथून सगळं बाहेर आलं. दिवाळीला घरी आल्या म्हणून! तोपर्यंत कुणी भेटायला गेलं असतं तर? आपल्या जवळ शहापूर तालुक्यात कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या वसतिगृहातले हाल २०१० साली पेपरात आले, त्यावरून उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. त्या पोरांना तर सांगताही येत नव्हतं. आणि इगतपुरीच्या बाजूची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. २०२२ साली आपल्या कातकऱ्यांची पोरं थोड्याशा पैशांवर आणि एखाद्या मेंढीवर नगरकडच्या मेंढपाळांकडे कामाला दिलेली निघाली. दहा वर्षांची एक मुलगी मेली तेव्हा ते उघडकीला आलं. श्रमजीवी संघटनेने ते धसास लावलं, गुन्हे दाखल झाले, पोरं सोडवली. तिथेही आईबापानेच पोरं दिली होती, असं लोक बोट दाखवतात. पोटात भूक आणि डोक्यावर उचल असली की बाप काय करतो ते या वाडीला सांगायला नको.

आमच्यातल्या एकाचं सांगतो. सहावीत होता. वसतिगृहात रात्री दिवा गेल्यावर मोठ्या पोरांकडून त्रास व्हायचा, आणि ज्याला सांगायचं तो माणूसच दारू पिऊन झोपलेला. हा पळाला. दोन दिवस डोंगरातून चालत घरी आला, वाटेत कच्ची करवंदं खाऊन. बापाने काय केलं? चार फटके दिले, भाकरी खायला घातली आणि तिसऱ्या दिवशी परत नेऊन सोडला. का पळून आलास, असं कुणी विचारलंच नाही. शिकायचं नाही म्हणून पळाला, असंच सगळे समजले. तो पोरगा आज इथे उभा आहे, त्याने हे आज पहिल्यांदा सांगू दिलं आहे. बापाबद्दल त्याच्या मनात राग नाही. पण पोर पळून आलं तर एक रात्र थांबा, एवढं त्याचं मागणं आहे.

आता कुणी विचारेल, जमिनीच्या संघटनेने यात कशाला पडायचं. आपला अंबरनाथ तालुका पेसात नाही. शहापूर पूर्ण आहे, मुरबाड-भिवंडीचा काही भाग आहे, आपण नाही. पण २००६ चा वनहक्क कायदा आपल्याला लागू आहे, त्यातून वनहक्क समिती झाली, तिच्यात एक तृतीयांश बायका कायद्याने आहेत. ज्या घरांचा प्लॉट मंजूर होऊन नागली-वरई पिकायला लागली, त्यातली काही घरं गेल्या हंगामात भट्टीवर गेलीच नाहीत. त्यांची पोरं वाडीवर राहिली, अंगणवाडीत गेली. पोरगं झोपडीत एकटं राहू नये म्हणून आईला घरी राहता आलं पाहिजे, आणि आईला घरी राहता यावं म्हणून प्लॉट पाहिजे. म्हणून आम्हाला हे दोन विषय वेगळे वाटत नाहीत. बारवीचं पाणी खाली शहरांना जातं, कारखान्यांना जातं, आपली पोरंही पाण्यासारखी खाली वाहून जातात. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत, अंबरनाथ-बदलापूरच्या ब्लॉकमध्ये धुणीभांड्यांना. चौदा वर्षांखालच्या पोराला कुठेच कामाला ठेवता येत नाही, घरकामालासुद्धा नाही. शहरातली बाई म्हणते, आम्ही तिला पोरीसारखी ठेवतो. पोरीसारखी ठेवता तर शाळेत घाला, असं आपण तिला म्हणायचं.

बरं, फार बोललो. सभेपुढे काय ठेवतो ते ऐका, आणि पटत नसेल तर आताच बोला, मागाहून नको.

पोरावर अत्याचाराची गोष्ट गावकीत मिटवायची नाही, दंड घ्यायचा नाही, पंच म्हणून कुणी बसायचं नाही. कळल्याच्या दिवशी पाच माणसं घरच्यांबरोबर ठाण्यात जातील, त्यात दोन बाया असतील. गुन्ह्याची प्रत हातात पडेपर्यंत कुणी उठायचं नाही. गाडीभाडं संघटनेच्या पेटीतून. बाप भट्टीवर उचलीत अडकला असेल तर त्याला तिथून काढायचं काम संघटनेचं. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे आणि उचलीपायी माणूस अडकवून ठेवणं त्यात गुन्हा आहे. पैशाची मदत मनोधैर्य योजनेतून मिळते, तो अर्ज आम्ही भरून देऊ.

दुसरं, आश्रमशाळेत या वर्षी पोरांना सोडायला गेल्यावर दारातून परत यायचं नाही. शौचालयाला कडी आहे का, रात्री मुलींच्या खोलीजवळ कोण झोपतं, नवीन माणूस कामाला ठेवला तर त्याची पोलिसांकडून चौकशी झाली का, समितीत कोण आहेत, हे विचारायचं. दर महिन्याला आपल्यातले दोघे जाऊन प्रत्येक पोराशी बाजूला बसून बोलतील. मुख्याध्यापक नाही म्हणाले तर प्रकल्प कार्यालयात जाऊ. पहिल्या महिन्याची पाळी आम्ही घेतो. दुसऱ्या महिन्याला नावं हवीत.

मागून काकींनी विचारलं, पोर खोटं बोलत असेल तर? काकी, खरं-खोटं कोर्ट ठरवेल. पोराने खोटं सांगितलं तरी कायदा त्याला शिक्षा करत नाही. आणि आपण एवढ्या वर्षांत किती पोरांना खोटं ठरवलं, ते आठवा.

नाईकबाबा काही बोलत नाहीत, पण मान हलवली आहे, आम्ही बघितलं. ठराव लिहून आणला आहे. ज्यांना सही येते ते सही करतील, बाकीचे अंगठा. बायांनी आधी यायचं. शाई इथे पेटीवर ठेवली आहे, कंदील जरा इकडे सरकवा. त्यानंतर प्लॉटचे कागद काढू.

जिंदाबाद!